पाटीवरचे वाङ्मय

समीक्षा म्हटली की आपल्या दिवाळी अंकांतून कादंबरी, कवितासंग्रह आणि फार तर गेल्या हंगामातले एखादे नाटक यांचाच विचार होतो. प्रवासवर्णनाच्या वाट्याला कधीमधी एखादा परिच्छेद येतो. ऐतिहासिक स्थळांविषयी जे लिहिले जाते, त्याच्याकडे मात्र समीक्षक फिरकतच नाही. आता असे पाहा: आपल्याकडच्या चारचौघांसारख्या कुटुंबात आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून वाचलेला मजकूर कोणता? ती बहुधा एखाद्या देवळाच्या किंवा किल्ल्याच्या दारातली पाटी असते. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती खपायला दहा वर्षे लागतात. पाटीसमोर एका श्रावण सोमवारी तेवढी माणसे उभी राहतात. ज्या लेखनाला एवढा वाचक आहे, त्याचे गुणदोष कोणीच पाहू नयेत, हे मला बरे वाटत नाही.

म्हणून या लेखात मी स्थळांविषयीच्या लेखनाची समीक्षा करणार आहे. त्यात दारातली पाटी आली, गावच्या कमिटीने छापलेले पत्रक आले, वाटाड्याचे तोंडपाठ बोलणे आले आणि आपल्याच अंकांतून दरवर्षी येणारे किल्ल्यांवरचे लेखही आले. कसोटी एकच लावायची आहे. मजकूर वाचून झाल्यावर वाचक पुन्हा त्या दगडाकडे पाहतो, की पाठ फिरवून उसाच्या रसाच्या गाड्याकडे जातो? वास्तूचे जतन चुन्यासिमेंटाने होते, कायद्याने होते, पैशाने होते, हे सगळे खरेच आहे. पण लोकांना जी वाचता येत नाही, ती वास्तू पैसा आणि कायदा फार काळ वाचवू शकत नाहीत, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे सांगतो.

प्रथम निळी पाटी घेऊ. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या प्रत्येक वास्तूपाशी ती असते. १९५८ च्या कायद्याचा हवाला देऊन ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची असल्याचे ती जाहीर करते, आणि तिची नासधूस करणाऱ्यास काय शिक्षा होईल ते सांगते. मूळ कायद्यात तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षे आणि एक लाख रुपयांपर्यंत गेली. त्याच दुरुस्तीने वास्तूभोवतीच्या शंभर मीटरांत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट पक्की केली. कायदा आवश्यक आहे, याबद्दल माझे दुमत नाही. तो नसता तर आपल्या कित्येक बस्त्यांचे आणि देवळांचे दगड लोकांच्या जोत्यांत गेले असते.

पण वाङ्मय म्हणून या पाटीकडे पाहा. तिच्यातला 'जो कोणी' म्हणजे समोर उभा असलेला वाचकच. तो अजून आत गेलेला नाही, त्याने काही पाहिलेले नाही, आणि त्याच्याशी झालेले पहिले बोलणे आरोपीशी करावे तसे आहे. ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची आहे, एवढे त्याला कळले; का आहे, ते कळले नाही. शाळेत आम्ही मुलांना 'वर्गात गोंगाट करू नये' अशी पाटी लावतो आणि शिकवायला मात्र कोणी जात नाही, असा प्रकार झाला तर वर्गाचे काय होईल? नेमके तेच इथे होते.

काही ठिकाणी निळ्या पाटीशेजारी दुसरा, माहितीचा फलक असतो. त्याची भाषा आपल्या ओळखीची आहे. देऊळ अमुक शतकातले, अमुक शैलीतले, शिल्पकला अप्रतिम, कोरीव काम नाजूक, स्थळ प्रेक्षणीय. यातले 'अप्रतिम' हे विशेषण मी अनेक वर्षे जपून ऐकत आलो आहे. निबंधात ते लिहिणाऱ्या मुलाने वास्तू पाहिलेली नसते, हा माझा अनुभव आहे. ज्याने पाहिली, तो सांगतो की खांबाचा मधला भाग कातल्यासारखा गोल गुळगुळीत आहे आणि खालचा चौकोनी आहे. 'अप्रतिम' या शब्दाने वाचकाची नजर कोठेच नेलेली नसते. फलक त्याच्या वतीने कौतुक करून मोकळा होतो आणि पाहण्याचे काम उरतच नाही.

एक ठळक उदाहरण घेतो. खानापूर तालुक्यातले हलशी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. भूवराह-नरसिंहाचे देऊळ म्हणून आपण तेथे जातो, नारळ फोडतो, झाडाखाली डबा खातो. बाराव्या शतकातले, गोव्याच्या कदंबांच्या काळातले हे देऊळ. 'शिल्पकला अप्रतिम' एवढे म्हणून त्याची बोळवण करायची, की वाचकाला दोन गोष्टी दाखवायच्या? पहिली ही की देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. आपण मंडपात उभे राहिलो की दोन्ही हातांना विष्णूचे एकेक रूप असते, आणि कोणाला पाठ करावी हा प्रश्न पडतो. बहुतेक देवळांत सरळ रेषेत चालायचे असते, देवापर्यंत जाऊन परत यायचे असते. इथे चाल निराळी आहे. दुसरी गोष्ट शिखराची. ते वर निमुळते होत जाणाऱ्या आडव्या थरांचे आहे, पायऱ्या एकावर एक रचल्यासारखे. अशा शिखराला अभ्यासक कदंब शिखर म्हणतात. एवढे कळले की तेच मूल पुढे दुसऱ्या गावच्या देवळासमोर उभे राहून 'सर, हेही तसलेच' असे आपण होऊन म्हणते. पाहण्याची सवय लागते ती अशी.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती सांगावीच लागते. हलशीचे जुने नाव पलाशिका. बनवासीच्या आद्य कदंबांचे ते महत्त्वाचे ठाणे होते. त्यांचे पाचव्या शतकाच्या सुमाराचे ताम्रपट हलशीला सापडले आणि फ्लीट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्या ताम्रपटांतली दाने प्रामुख्याने जैन संघांना दिलेली आहेत. म्हणजे आज आपण ज्याला वैष्णव क्षेत्र म्हणून ओळखतो, त्या गावाचा सर्वांत जुना लेखी पुरावा जैन वस्तीचा आहे. ताम्रपट आणि देऊळ यांच्यामध्ये सुमारे सातशे वर्षे आहेत. एवढा काळ एक गाव नांदते राहिले, ही गोष्ट कोणत्याही 'अप्रतिम'पेक्षा मोठी आहे. आणि ती सांगायला चार वाक्ये पुरतात.

आता दुसरा प्रकार, दंतकथेचा. आपल्याकडे अर्धी देवळे पांडवांनी एका रात्रीत बांधली आणि कोंबडा आरवल्यामुळे अर्धवट सोडली. या कथांना हसणाऱ्यांतला मी नाही. गावाने वास्तूशी जे नाते जोडले, त्याची ती नोंद आहे आणि तीही जपायला हवी. माझी तक्रार एवढीच की कथा कोणती आणि पुरावा कोणता, हे पत्रक लिहिणारा वेगळे करून सांगत नाही.

याच प्रकारातली एक सुशिक्षितांची दंतकथाही आहे. चुन्याशिवाय रचलेले जुने दगडी देऊळ दिसले की मराठी माणूस त्याला हेमाडपंती म्हणतो. तेच देऊळ पाहून आपला कन्नड शेजारी ते जखणाचार्याने बांधले असे सांगतो. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. हलशीचे देऊळ त्याच्या शंभर वर्षे आधी उभे होते. जखणाचार्य हा तर दंतकथेतला शिल्पी. त्याच्या नावावर इतक्या दूरदूरची आणि इतक्या वेगवेगळ्या शतकांतली देवळे आहेत की एका आयुष्यात ती होणे नाही. दोन्ही समाजांनी मिळून बांधणाऱ्या राजांची, राण्यांची, दानशूर अधिकाऱ्यांची खरी नावे बाजूला ठेवली आणि आपापल्या ओळखीचे एक नाव चिकटवले. देगावचे कमलनारायणाचे देऊळ कदंब राणी कमलादेवीने बांधविले. आपल्या मुलींना हे नाव माहीत असते तर काय बिघडले असते?

तिसरा प्रकार आपल्या सर्वांत जवळचा, किल्ल्यांवरच्या लेखांचा. इथे मला जपून लिहिले पाहिजे, कारण या लेखनावर आम्ही वाढलो. गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून आमच्या पिढीतली किती मुले डोंगर चढली, याची गणती नाही. दांडेकरांचे मोठेपण त्यांच्या उद्गारवाचक चिन्हांत नव्हते. ते आधी चालत आणि मग लिहीत. वाट कोठून सुटते, पाणी कोठे मिळते, बुरूज कोणत्या बाजूला पाहतो, हे त्यांना पायांनी ठाऊक होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी भारावलेपण उचलले आणि चालणे सोडून दिले. आता लेखात गड 'अभेद्य' असतो, दगड 'साक्षीदार' असतात, माती 'पावन' असते आणि लेखकाचा ऊर भरून येतो. लेखकाचा ऊर भरून आल्याने वाचकाला तटाची जाडी कळत नाही.

लेखनाने काय होऊ शकते, हे मात्र विसरू नये. रायगडावरच्या समाधीची दुरवस्था जेम्स डग्लस याने १८८३ साली आपल्या मुंबईविषयीच्या इंग्रजी पुस्तकात मांडली. ती वाचून इथली सुशिक्षित माणसे अस्वस्थ झाली. १८९५ मध्ये टिळकांनी 'केसरी'तून हा विषय लावून धरला, निधी उभा राहू लागला, १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला आणि पुढे समाधीचा जीर्णोद्धार झाला. एका पुस्तकातल्या काही ओळींपासून ही हालचाल सुरू झाली. त्या ओळींत काय होते? जे डोळ्यांना दिसले त्याचे वर्णन होते: ढासळलेले दगड आणि माजलेले रान. स्तुती करून ते काम झाले नसते.

आज आपली स्तुती शब्दांतून निघून ब्राँझमध्ये गेली आहे. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. समुद्राच्या लाटा खात तो साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. त्याच्या समोर मालवणच्या किनाऱ्यावर, राजकोटला, ४ डिसेंबर २०२३ रोजी पुतळा उभारला गेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. आपल्या येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर तर मार्च २०२३ मध्ये एकाच पुतळ्याचे चार दिवसांत दोनदा अनावरण झाले, कारण मान कोणाचा हे दोन पक्षांना ठरवता आले नाही. पुतळा उभारणे हा गुन्हा नव्हे. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रांचे रकाने भरले ते अनावरणाच्या भांडणाने. गडाचा तट, त्यावरची विहीर, तेथून दिसणारा मुलूख आणि तो तेथेच का बांधला, याविषयी त्यात काय होते?

याच्या उलट एक चांगले उदाहरण नुकतेच घडले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आपण फटाके वाजवले, ते योग्यच झाले. पण त्या नोंदीचे शीर्षक किती जणांनी नीट वाचले? तिच्यात वीरश्री नाही. 'मराठा लष्करी भूप्रदेश' असा तिचा अर्थ आहे. सुटे किल्ले न मोजता जमिनीच्या ठेवणीनुसार त्यांची जुळणी तिने दाखवली आहे: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि जिंजी हे डोंगरी किल्ले, प्रतापगड रानातला, पन्हाळा पठारावरचा, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाण्यातले. ही जुळणी डोक्यात घेऊन निघालेला विद्यार्थी पन्हाळ्याला जाईल तेव्हा 'पठारावर गड राखायचा तर तट किती लांब बांधावा लागेल' असा प्रश्न विचारील. एका शीर्षकाने एवढे केले. शिवाय या बारांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे, हेही आपण सीमेवरच्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आपल्या जिल्ह्यांपुरता आहे, आणि जरा अडचणीचा आहे.

पाटी कोणत्या भाषेत असावी, यावर आपण पुष्कळ लिहितो. मराठी माणसे शतकानुशतके राहत आली, तेथे पाटीवर मराठीही असावी ही मागणी न्याय्य आहे आणि ती सोडावी असे मी म्हणणार नाही. मुलाला आपल्या गावच्या वास्तूची माहिती आपल्या भाषेत मिळू नये, हे दुःख मी मुख्याध्यापक म्हणून जवळून पाहतो. पण समजा, उद्या ती मागणी मान्य झाली आणि कोऱ्या पाटीची मराठी बाजू आपल्या हाती दिली, तर तिच्यावर आपण काय लिहिणार आहोत? 'हे आमचे' एवढेच लिहिणार असू, तर पलीकडची बाजू आधीच तेच लिहून बसली आहे. दोन भाषांत एकच दावा लिहिल्याने वास्तू कोणालाच कळत नाही.

बेळगावचा किल्ला घ्या. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचिराज याने येथे जिनालय बांधले. आपण ज्याला कमल बस्ती म्हणतो ती त्या काळाची खूण. मंडपाच्या छतातले दगडी कमळ मान वर करून पाहावे असे आहे. त्या जिनालयाच्या दानाचे जुन्या कन्नडमधले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत या गावाचे नाव वेणुग्राम असे येते, म्हणजे वेळूंचे गाव. किल्ल्यातल्या सफा मशिदीच्या काही खांबांवर मशिदीच्याही आधीचे लेख आहेत, कन्नड आणि नागरी अशा दोन्ही लिप्यांत. एक रट्टांच्या काळातला, दुसरा देवगिरीच्या यादव कृष्णाच्या काळातला. पुढे १४७३ मध्ये महमूद गवानाने किल्ला बहामनींसाठी घेतला, मग आदिलशाही आली, मराठे आले, आणि १८१८ मध्ये मन्रोने तो इंग्रजांच्या ताब्यात आणला. या यादीतून आपल्याला हवे ते एक नाव उचलून बाकीची पुसली तर उरलेला किल्ला ओळखू येणार नाही. जैन बस्तीचे कमळ, मशिदीतला खांब आणि तटाचा दगड यांना एकाच वाचकाची गरज आहे. हा वाचक कन्नड वाचणारा हवा, मराठी वाचणारा हवा आणि कोणाचे दगड कोणी वापरले याचा हिशेब चुकता करायला न आलेला हवा.

कोणी म्हणेल, कन्नड लेख जपण्याचे ओझे आम्ही का वाहावे? त्याचे उत्तर तंजावरला आहे. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या भव्य देवळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तो मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. तो कोठे आहे? तमिळ मुलखात, तमिळ लोकांच्या अभिमानाच्या देवळात. ज्यांना त्याचे एक अक्षर वाचता येत नाही, त्यांनी तो दोनशे वर्षांहून अधिक काळ राखला आहे. दुसरे उदाहरण श्रवणबेळगोळचे. गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांबरोबर मराठी ओळीही कोरलेल्या आहेत. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण मराठीच्या जुन्या लेखी पुराव्यांत त्यांची गणना होते याबद्दल नाही. आपल्या भाषेचे बालपण कानडी देशात, जैन मूर्तीच्या पायाशी, सुखरूप राहिले आहे. दुसऱ्यांनी आपले अक्षर जपले, मग आपण त्यांचे का जपू नये?

खुद्द शब्दच पाहा. आपल्या खेड्यांच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, पाणवठ्यावर वीरगळ असतात. हा 'गळ' कोठून आला? कन्नडमधल्या 'कल्लु' म्हणजे दगड या शब्दापासून. वीराचा दगड तो वीरगळ. शब्दाचा अर्धा भाग त्यांचा आणि वापर दोघांचा. असे अभ्यासाचे मार्ग मोठ्या माणसांनी दाखवूनही ठेवले आहेत. धारवाडचे कन्नड संशोधक शं. बा. जोशी यांनी 'मऱ्हाटी संस्कृती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात पंढरीच्या दैवताचा माग काढताना दक्षिणेतल्या भाषांचे पुरावे आपले मानले. दोघांनाही त्यासाठी आपली भाषा सोडावी लागली नाही. राज्यघटनेच्या ५१अ या कलमात १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये घातली, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे एक आहे. तिथे 'संमिश्र' हा शब्द कोणी शोभेसाठी घातलेला नाही.

ज्या वास्तूंवर निळी पाटी नाही, त्यांच्या बाबतीत तर वाचक हाच एकमेव रखवालदार आहे. वीरगळांचेच घ्या. साधारणपणे त्याचे खालून वर तीन-चार टप्पे असतात. तळाशी लढाई, किंवा गाई सोडवताना पडलेला वीर. त्यावर अप्सरा त्याला वर नेत आहेत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ही कीर्ती ते आहेत तोवर राहो. हे चार टप्पे दहा वर्षांच्या पोरालाही पाच मिनिटांत समजतात. ज्याला समजले तो त्या दगडावर कपडे आपटणार नाही. ज्याला समजले नाही त्याने ते आपटले, गोठ्याच्या पायरीला लावले, रस्त्याच्या भरावात टाकले. आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपण त्याला कधी काही सांगितलेच नाही.

अज्ञानाइतकेच नुकसान भक्तीही करते. जत्रा जवळ आली की जुन्या मूर्तींना आणि खांबांना तेलरंग फासला जातो. हेतू चांगला असतो. पण रंगाच्या थराखाली दगडातला ओलावा कोंडतो आणि काही वर्षांनी रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही सुटतो. शिलालेखाची अक्षरे रंगाने भरून जातात ती वेगळीच. हे कमिटीतल्या वडीलधाऱ्या मंडळींना हात जोडून, कारण सांगून पटवता येते, असा माझा अनुभव आहे. नुसते 'रंग लावू नये' असे फर्मावले तर पटत नाही. कारण लिहिले पाहिजे. निळ्या पाटीची भाषा आणि समजावण्याची भाषा यांत हाच फरक आहे.

नुसते दोष दाखवून समीक्षकाने निघून जाऊ नये. म्हणून हलशीसाठी एक मजकूर लिहून दाखवतो.

'या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मंडपाच्या मध्ये उभे राहून दोन्हींकडे पाहा. बाहेर आल्यावर शिखराचे आडवे थर खालून वर मोजा. असे शिखर कदंबांच्या देवळांवर आढळते. हे देऊळ बाराव्या शतकातले आहे. पण गाव त्याहून सातशे वर्षे जुने आहे: तेव्हा त्याचे नाव पलाशिका होते आणि येथे जैन संघांना दाने दिल्याचे ताम्रपट सापडले आहेत. आवारातल्या शिलालेखाची लिपी जुनी कन्नड आहे. तुम्हाला आजचे कन्नड वाचता येत असेल तर यातले एखादे अक्षर ओळखू येते का ते पाहा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप उठून दिसतात.'

यात एकही विशेषण स्तुतीचे नाही. वाचकाला चार वेळा काहीतरी करायला सांगितले आहे: उभे राहा, मोजा, ओळखा, पाहा. मनाई एकदाच आहे आणि तिच्याबरोबर उपायही आहे. हाच मजकूर कन्नडमध्ये जसाच्या तसा जाईल, कोणाला एक शब्द बदलावा लागणार नाही. माझ्या मते दोन भाषांच्या प्रदेशातल्या पाटीची हीच खरी परीक्षा आहे. मराठी बाजूला एक आणि कन्नड बाजूला दुसरेच लिहावे लागत असेल, तर दोन्हींपैकी निदान एक मजकूर वास्तूविषयी नाही, आपल्याविषयी आहे.

आणि इथे आपल्या मुलांकडे असे काही आहे की जे पुण्यामुंबईच्या मुलांकडे नाही. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलाला शाळेत कन्नड लिपी शिकावी लागते. आपण त्याबद्दल कुरकुर करतो. कुरकुरीची कारणे मला ठाऊक आहेत आणि ती सगळी खोटी नाहीत. पण आपल्या तालुक्यातला दगड वाचण्यासाठी नेमक्या याच दोन लिप्या लागतात, नागरी आणि कन्नड. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे आणि जवळच्याच हलशीला कदंबांचे देऊळ. एका दिवसाच्या सहलीत दोन्ही होतात. तिथे उभे राहून आपल्या आईला मराठीत आणि शेजारच्या मित्राला कन्नडमध्ये तीच गोष्ट सांगू शकणारे मूल फक्त आपल्या जिल्ह्यांत जन्माला येते.

तेव्हा शिक्षकबंधूंना आणि पालकांना एक सुचवतो. या सुटीत मुलांना किल्ल्यावर निबंध लिहायला लावू नका. पाटी लिहायला लावा; वास्तूवर नव्हे, वहीत. गावातली एकच वस्तू घ्यायची: वीरगळ, बारव, बस्तीचा खांब, वेशीचा दगड, काहीही. शंभर शब्दांच्या आत लिहायचे, दोन्ही भाषांत लिहायचे. 'अप्रतिम', 'अभेद्य', 'पावन' आणि 'प्रेक्षणीय' हे चार शब्द वापरायचे नाहीत. जे पुराव्याने माहीत आहे ते तसे, आणि आजीने सांगितले ते 'असे सांगतात' म्हणून. मग ती वही दुसऱ्या मुलाच्या हाती देऊन त्याला त्या दगडापाशी पाठवायचे. वाचता वाचता त्याने वहीतून मान वर करून दगडाकडे पाहिले, तर लेखन उत्तीर्ण.